वापरातले कपडे

"पँट काढ," कस्टमच्या बाई म्हणाल्या.

थिओड्यूलने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. म्हणजे पँट त्याचीच.

"फौजी छापाचे कपडे या बेटावर फक्त फौजेने घालायचे. जप्त."

"पण मावशी, आपल्याकडे फौज कुठाय?"

"नाहीये, म्हणूनच तर जपावं लागतं."

थिओड्यूल सेंट लुशियाचाच. कायदा त्याला लहानपणापासून पाठ होता. पण टोरोंटोत वर्षानुवर्षं बर्फ उपसताना पाठांतर गळून गेलं. त्यात घरून निघताना त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हाताला लागली ती, तिथे सोबत राहणाऱ्या भाच्याची पँट त्याने चढवली होती.

बाहेर आई, मा फिलोमेन, बहिणीसोबत उभी होती. बाप गेला तेव्हा कागदपत्रांच्या लफड्यात अडकून थिओड्यूल मातीला आला नाही. तेव्हापासून मा फिलोमेन त्याच्याशी बोलली नव्हती. फोन बहिणीच्या कानाला असायचा आणि ही शेजारून सांगायची, "विचार त्याला, जेवलाय का. मी विचारलं म्हणू नकोस." आज समोरासमोर तरी ती बोलेल का, या घोरात तो विमानात दोनदा परक्याच्या सीटवर जाऊन बसला होता.

"दुसरी पँट घाल आणि नीघ," बाई म्हणाल्या.

"दुसरी नाहीये."

बाईंनी बॅग उघडली. टोरोंटोहून गावी निघालेल्या माणसाची बॅग त्याची नसतेच, गावाची असते. शेजारणीचे सँडल, पाद्रीबाबांचे मोजे, आत्याच्या गुडघ्यांचं मलम, कुणाच्या तरी गाडीचा आरसा. थिओड्यूलच्या कपड्यांना जागाच उरली नव्हती. तळाशी एक जांभळा, फुलाफुलांचा झगा होता. किमतीच्या चिठ्ठीसकट.

"हा कुणाचा?"

"आईचा. माफी मागायला आणलाय."

"माफीवर जकात नाही. नव्या कोऱ्या झग्यावर आहे."

खिशात होतं नव्हतं ते सगळं जादा वजनापायी टोरोंटोतच गेलं होतं. थिओड्यूल टेबलाभोवती येरझाऱ्या घालू लागला. बाईंनाही त्याच्याबरोबर मान फिरवावी लागली.

"झगा तेवढा सोडा हो मावशी. रिकाम्या हाताने गेलो तर ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही."

बाई नियमांत खोल बुडाल्या. मग वर आल्या.

"अंगावरच्या कपड्यांना जकात नसते," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट केलं.

बाहेरचं दार सरकलं तेव्हा टॅक्सीवाल्यांचा गलका थांबला. झगा गुडघ्यांपाशीच संपत होता. पाठीवरची चेन अर्ध्यात अडली होती.

"वहिनी, टॅक्सी?" कुणीतरी विचारलं.

थिओड्यूलच्या डोक्यातून पाठ केलेली माफी पार उडाली. तो आईसमोर नुसताच उभा राहिला. या पायावरून त्या पायावर.

मा फिलोमेनने त्याला खालून वर न्याहाळलं. सवयीने बहिणीला कोपराने ढोसलं. "सांग त्याला..."

पण बहीण हसता हसता फरशीवर बसली होती. तिच्याकडून निरोप पोचण्यासारखा नव्हता.

मा फिलोमेनने आजूबाजूला पाहिलं. निरोप सांगायला दुसरं कोणीच नव्हतं.

"पोट आत घे," ती थिओड्यूलला म्हणाली. "रविवारी चर्चला मला घालायचाय तो."