वॉल्ववरचा बुडबुडा

किन्हवलीच्या फाट्यावर जयरामचं पंक्चरचं दुकान आहे. काल तो समोर वामनशेठच्या नळावर घमेलं भरायला गेला, तर शेठनं लाथेनं घमेलं उपडं केलं. "तुमच्या लोकांचा हात आमच्या नळाला नाय लागला पायजे."

आज शेठच्याच सायकलची हवा उतरली.

"वॉल्व गळतोय वाटतं. पाणी लावून बघ."

"पाणी नाय, शेठ." जयरामनं थोडी हवा भरली, बोट जिभेला लावलं आणि थुंकी वॉल्ववर टेकवली. बुडबुडा आला. त्यानं वॉल्वचं रबर बदललं, हवा भरली आणि पुन्हा थुंकी लावून खात्री केली. शेठचं तोंड वाकडं झालं. जयरामनं पंप खाली ठेवला.



"धुवायची तर घरी नेऊन धुवा. नळ तुमचाच हाय."