देवीची बाजू

"हे घासलंय कुणीतरी," न्यूमान म्हणाला.

चारुदत्तला आधी हसूच आलं. घासायला ते काय तांब्या-फुलपात्र आहे? अडीच हजार वर्षांपूर्वीचं अथेन्सचं चांदीचं नाणं ते. एका बाजूला घुबड, दुसऱ्या बाजूला अथेना देवी. उद्या श्टुटगार्टमध्ये नाण्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं आणि मधल्या काचेच्या कपाटात हेच नाणं बसणार होतं. त्याची बायको कुमुदिनी हिला जाऊन वर्ष झालं. त्यानंतर त्याला नावाने हाक मारणारं उरलं होतं कोण? हा क्लब तेवढा. मुलगी यायची, पण महिन्यातून एखाद्या शनिवारी.

प्रदर्शन मांडणाऱ्या न्यूमानने नाणं उलटून दाखवलं. घुबड होतं तसंच, काळपट, जुनं. देवी मात्र लखलखीत. गाल झिजून पार सपाट झालेला.

"जुन्या चांदीचा काळेपणा घालवायचा नसतो, हे तुला मी सांगायचं? असं नाणं मी मांडू शकत नाही, चारुदत्त."

चारुदत्तचा चेहराच पडला. खणातल्या मखमलीवर नाणं कायम घुबड वर करून ठेवलेलं असे. त्याचा सगळा जीव त्या घुबडावर. देवीची बाजू शेवटची कधी पाहिली होती, ते त्याला आठवेना.

"आणि हे कपाळावर लाल काय आहे?" न्यूमानने भिंग पुढे केलं.

कुंकू! शिरस्त्राणाच्या कडेला, अगदी खाचेत बसलेलं.

"कुमुदिनीचं काम!" चारुदत्त भडकला. "हजारदा बजावलं होतं, माझ्या नाण्यांना हात लावायचा नाही म्हणून. दिवाळीला देवांबरोबर हेही टूथपावडरने घासलं असणार!"

मागे केया उभी होती, त्याची मुलगी. ती जर्मनमध्ये काहीतरी सांगू लागली, मग थांबली. एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली,

"दिवाळीला नाही, बाबा. रोज. तुम्ही ऑफिसला गेलात की. घुबड अशुभ, म्हणून आई ते खाली करायची आणि देवीला पुसत पुसत बोलत बसायची. तुम्ही यायच्या आत परत होतं तसं ठेवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ही पण माझ्यासारखीच गं, लांबून आलेली."

चारुदत्तने भिंग पुन्हा त्या लाल ठिपक्यावर धरलं.

"लाल निघेल," न्यूमान समजुतीने म्हणाला. "स्पिरिटचा एक थेंब पुरे."

"नको, नको. राहू दे ते."

केयाने त्याला बॉबलिंगेनच्या घरी सोडलं आणि ती गेली. कोट न काढताच तो स्वयंपाकघरात बसला. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. अख्खी दुपार इथे एकटीने काढायची म्हणजे काय, हे त्याला या वर्षभरात चांगलंच कळलं होतं. तिने अशी तीस वर्षं काढली होती.

त्याने खिशातून नाणं काढलं. घुबड खाली केलं, देवी वर. अंगठ्याने तिचा झिजलेला गाल हळूच पुसला.

"काय काय सांगायची गं ती तुला?"