ब्रेकचं काम

गॅरेजवाले मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे, "गाडी भाच्याच्या ताब्यात द्या आणि निर्धास्त घरी जा. माझ्या हाताखाली तयार झालाय पोरगा!"

एके दिवशी त्यांच्या स्वतःच्याच स्कूटरचा ब्रेक लागेनासा झाला. संध्याकाळी मामींना मागे बसवून उताराच्या रस्त्याने व्याह्यांकडे जायचं होतं. भाचा पाना घेऊन लगेच पुढे आला.

"द्या मामा, आत्ता करून देतो."

"तू राहू दे रे," मामा गडबडीने म्हणाले. "आधी गिऱ्हाइकांच्या गाड्या बघ. लोक खोळंबलेत."

मग स्कूटर ढकलत, घाम पुसत ते पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजवर पोहोचले. तिथल्या उस्तादांचा हात मुरलेला. पण गॅरेजमध्ये त्यांच्याकडे काम शिकणारी मुलगी एकटीच होती. मामांना दारात बघून ती बुचकळ्यात पडली.

"उस्ताद कुठे गेले गं?" मामांनी विचारलं.



"काका, ते तर आत्ताच स्वतःची गाडी घेऊन तुमच्याकडे गेले! म्हणाले, ब्रेकचं काम आहे, तुझ्यावर सोपवून जिवाशी खेळ नको."