पिस्तूल जमा करायचंय

आमचे हे निवृत्त झाले आणि घरात थ्रीडी प्रिंटर आला. आधी पडद्याच्या कड्या छापून झाल्या, मग साबणदाणी, आणि परवा चक्क पिस्तूल. "चालतं का, तेवढंच बघायचं होतं गं," म्हणे! बघितलं. शोकेसच्या काचेला भोक पडलं.

घरी छापलेली हत्यारं आठ दिवसांत जमा करा, नाहीतर तुरुंगात जा, असा नवा कायदा आलेला. मी पिस्तूल भाजीच्या पिशवीत कोंबलं आणि तडक सरकारी कचेरी गाठली.

खिडकीतल्या हेडक्लार्कनी पिशवीत डोकावून पाहिलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"अर्ज तीन प्रतींत लागतो, ताई. आणि प्रत्येक प्रतीला वस्तू जोडलेली हवी."

"अहो, पण पिस्तूल एकच आहे!"

"घरीच छापलंय ना? मग आणखी दोन छापायला असा कितीसा वेळ लागतो?"

मी चडफडत घरी आले. ह्यांचा आनंद गगनात मावेना. दोन दिवस मशीन घरघरत होतं.

तिसऱ्या दिवशी तीन अर्ज आणि तीन पिस्तुलं खिडकीत मांडली. हेडक्लार्कनी अर्जांवर मारले तसे पिस्तुलांवरही शिक्के मारले. एक संच कपाटात ठेवला, दुसरा मुख्य कार्यालयाच्या टपालात टाकला.

तिसरा माझ्या पिशवीत परत ठेवत म्हणाले, "ही तुमची पोच. घरी नीट जपून ठेवा."