बारा म्हणजे खुशाल

पद्माबाई सवयीनं दुरुस्तीला आलेल्या रामसिंगच्या नव्या गाडीत जाऊन बसली. पदर खोचला, स्टिअरिंगमागच्या पिवळ्या दिव्यावर नजर ठेवली आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेराला लावून नवऱ्याला आतूनच आवाज दिला, "लावा वायर."

वायर काही लागली नाही. दार उघडलं ते तिच्या धाकट्या दिरानं, प्रेमानंदनं. तो नांदेडला एका गॅरेजात कामाला होता. सकाळीच कनेरगाव नाक्यावर भावाच्या गॅरेजवर आला होता आणि येताना विटेएवढं एक स्कॅनर घेऊन आला होता.

"वहिनी, तुमी उतरा," तो म्हणाला. "या गाडीला मोजावं लागत न्हाई."

त्यानं अदबीनंच सांगितलं. तरी पद्माबाईला ते झोंबलं.

सात वर्षं ती मोजत आली होती. इंजिनाला कॉम्प्युटर असलेल्या पहिल्या गाड्या नाक्यावर यायला लागल्या, तेव्हापासून. त्या गाड्यांचं दुखणं दिव्यावरून कळायचं. बॅटरीजवळच्या सॉकेटात वायरचा तुकडा धरला की आतला दिवा लुकलुकायला लागायचा. आधी दहाचे, मग जरा थांबून सुटे: दोनदा लुकलुकला, थांबला, मग एकदा, म्हणजे एकवीस. वायर बॉनेटखाली आणि दिवा आत, म्हणजे एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं. सुरुवातीला तिच्या नवऱ्यानं, संतराम मिस्त्रीनं, शेजारच्या ढाब्यावरच्या आचाऱ्याला बसवून पाहिलं. त्या पठ्ठ्यानं मधलं थांबणं सोडून सगळ्याची बेरीज करून टाकली, आणि संतरामनं दिवसभर भलताच पार्ट खोलला.

मग पद्माबाई बसली. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पेरांवर मोजताना ती कधी चुकली नाही. कागदावरची यादी संतरामला लागायची, तिला नाही. एकवीस आला तर काय, एकतीस आला तर काय, सगळं तोंडपाठ. चौदा आला की ती आतूनच सांगायची, इंजिन तापल्याचं दिसतंय, आधी पाणी बघा. आणि बारा आला की गाडी खुशाल. हाताची पेरंही बाराच, म्हणून हा आकडा तिचा लाडका होता. गिऱ्हाइकाला मात्र "बारा आले" म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. गाडीचे बारा वाजले असंच वाटायचं बिचाऱ्याला. नवरा-बायको दोघंही त्याला लगेच खरं सांगायचे नाहीत.

हा आकडा हळूहळू घरातही शिरला. संतराम तापातून उठला आणि तिनं कसं वाटतंय विचारलं, की तो म्हणायचा, बारा. ती माहेराहून आली की तो विचारायचा, बारा का?

ती उतरली आणि प्रेमानंद तिच्या जागेवर बसला. स्टिअरिंगखालीच सॉकेट होतं. त्यानं स्कॅनर लावलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत खराबीचं नावच आलं. संतराम दारातून वाकून बघत होता. एक सैल झालेला प्लग त्यानं पाच मिनिटांत घट्ट केला. प्रेमानंदनं पुन्हा बटण दाबलं आणि म्हणाला, आता काहीच नाही.

"काहीच न्हाई म्हंजे बारा?" पद्माबाईनं मागून विचारलं.

"बारा बी न्हाई, वहिनी. बरी असली की ही गाडी काही बोलतच न्हाई."

संतराम हरखून गेला होता. "एकट्याचं काम झालं की हे," तो बायकोकडं वळून म्हणाला. "आता तुला उनात बसायची तकलीफ न्हाई."

तकलीफ होती असं ती कधी म्हणाली नव्हती. उलट अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ हा माणूस हातातलं काम थांबवून तिच्या शब्दाची वाट बघायचा. तेवढ्यासाठी ती भाकरी टाकायची ठेवून यायची. हे त्याला सांगायचं कसं, ते तिला सुचलं नाही.

रामसिंग गाडी घेऊन गेला. दोघं भाऊ टेबलाशी बसून स्कॅनर उलटंपालटं करून बघू लागले. लिंबाखाली खेमाची जुनी टॅक्सी उभी होती. औंढ्याला सवारी नेऊन आणून पार खिळखिळी झालेली, पण आज सकाळीच पद्माबाईनं तिचे बारा मोजले होते. खेमा ढाब्यावर जेवायला गेला होता. पद्माबाई जाऊन त्या गाडीत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

संतरामनं तिला चहाला हाक मारली. दोनदा मारली. मग तो उठून उभा राहिला.

"काय झालं? बारा का?"

खेमाच्या गाडीचे समोरचे दिवे लागले आणि विझले. एकदा. जरा थांबले. मग चारदा.

"पाच?" संतराम म्हणाला.

"पाच नंबर नसतोच, दादा. वायरिंग खराब असंल." प्रेमानंद स्कॅनर घेऊन उठला. "बघू का लावून?"

"बस खाली. तिला तुझं मशीन लागत न्हाई."

दिवे पुन्हा लागले. या वेळी संतरामनं अंगठा करंगळीच्या पेराला लावला. सात वर्षांत त्यानं स्वतः कधी मोजलं नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. एक. तो थांबला. मग एक, दोन, तीन, चार.

त्यानं हात पुसले, माठातून तांब्या भरून घेतला आणि लिंबाकडं निघाला.

"काय आला नंबर?" प्रेमानंदनं मागून विचारलं.

"आधी पाणी बघावं लागतं," संतराम म्हणाला.