तुटणारं नाव

रुपालीच्या लॅपटॉपवर तिच्या नवऱ्यानं, योगीराजनं, सकाळपासून तिसऱ्यांदा तीच फाईल उघडली. फाईलमध्ये एकेचाळीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत हरिओमचं नाव होतं. एका ओळीत तर दोनदा.

हरिओम समोरच बसला होता. ताडकळसच्या कॉम्प्युटर सेंटरात तो आणि रुपाली चार वर्षं शेजारी बसून काम करायचे. ती वारल्याला दोन महिने झाले होते. शेळ्या-मेंढ्यांच्या लसीच्या चिठ्ठ्या काढायचा तिचा प्रोग्राम न्यायला तो आला होता. योगीराजनं त्याला चहा दिला, पण त्यात साखर मुद्दाम घातली नव्हती. हरिओम तो तसाच पीत होता.

योगीराजनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. "सगळीकडं तूच हायस. नवऱ्याचं नाव एकदाबी न्हाई."

हरिओमनं वाचलं आणि तो हसला. मग हसू आवरून त्यानं सांगितलं. एका ओळीत मालक, गाव आणि जनावरं किती, एवढंच लिहायचं. स्पेस दिसली की प्रोग्राम तिथं ओळ तोडतो. त्याचं नाव आधार कार्डावर 'हरि ओम' असं दोन तुकड्यांत आहे. प्रोग्राम हरिला मालक धरायचा आणि ओमला गाव. सेंटरातले लोक त्याला ओमगावचे पाटील म्हणायला लागले होते. अवतरणचिन्हांत घातलेलं नाव तुटू नये, एवढं जमेपर्यंत रुपाली त्याच्याच नावाच्या ओळी लिहून तपासत राहिली.

"तुमचं नाव सलग हाय, भाऊ," तो म्हणाला. "ते तुटतच न्हाई. त्याच्यावर काय तपासणार?"

हरिओमनं प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला, कप मोरीत नेऊन विसळला आणि मोटारसायकल काढून गेला.

योगीराजनं लॅपटॉप जवळ ओढला. एका बोटानं टाइप केलं : योगीराज ताडकळस ६. एंटर दाबलं.

मालक योगीराज. गाव ताडकळस. जनावरं ६. कुठंच काही चुकलं नाही.

त्यानं तीच ओळ पुन्हा लिहिली. या वेळी नावाच्या मधोमध एक स्पेस दिली.

मालक योगी. गाव राज. जनावरं ताडकळस.

"आता बघ," तो म्हणाला, आणि लॅपटॉप शेजारच्या, रुपालीच्या रिकाम्या खुर्चीकडं वळवला.