पाण्याचा ठेका

डॉक्टर साठ्यांनी तिसऱ्यांदा हुकूम सोडला, तरी पडद्यावरचे पोहणकिडे काही एका रांगेत येईनात. अण्णांच्या मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीपाशी ती दोन हजार इवलीशी यंत्रं शेपट्या हलवत एकमेकांवरच आपटत होती. ऑपरेशनच्या टेबलावर अण्णा जागेच होते. सकाळपासून त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हात लुळा पडला होता.

"साहेब, हुकूम बंद करा," सलाइनचा पंप सांभाळणारी सुलोचना म्हणाली. अण्णा तिचे वडील. "मी नुसता मंद प्रवाह सोडते."

"मग त्यांना सांगणार कोण?"

"पाणी सांगेल. कृष्णेतल्या शर्यतीत अण्णांच्या होडीत ओरडणारा माणूस कधीच नसायचा. पुढच्याच्या वल्ह्यानं हललेलं पाणी मागच्याला कळतंय की, म्हणायचे."

साठ्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि हुकूम थांबवले.

सुलोचनानं पंपातून प्रवाह हळूहळू सोडला. एका शेपटीनं ढकललेलं पाणी दुसरीला लागलं, दुसरीचं तिसरीला. बघता बघता दोन हजार शेपट्या एका ठेक्यात चालू लागल्या आणि गुठळी फोडत आरपार गेल्या.

थोड्या वेळानं अण्णांच्या उजव्या हाताची मूठ वळली. नजर पडद्यावर होती. मूठ पुढे गेली, छातीशी आली, पुन्हा पुढे गेली.

"कुणाची गं ही होडी?" अडखळत त्यांनी विचारलं.

सुलोचनाची मान ताठ झाली.

"माझी, अण्णा."